बहिणीच्या मरणातून उभं राहिलेलं हॉस्पिटल

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिले काही दिवस कुणाचंच डोकं जागेवर नसतं. त्यातच डॉक्टर सांगतात की केमो आणि लाईट, दोन्ही एकदमच द्यावी लागतील. मग घरात चर्चा सुरू होते. एकाच वेळी दोन्ही कशाला? आधीच माणूस अशक्त झालंय, झेपेल का त्याला? शेजारीपाजारी, नातेवाईक आपापले सल्ले देतात आणि घरातली बाई, जिला रात्रंदिवस पेशंटजवळ बसायचं असतं, ती मात्र गोंधळून जाते.

मैत्रिणींनो, औषध आणि किरण यांची अशी जोडी लावण्याचं काम आपल्या देशात ज्या हॉस्पिटलांनी फार लवकर हाती घेतलं, त्यातलं एक चेन्नईच्या अड्यार भागात आहे. एका बाईने ते उभं केलं, आपल्या बहिणीच्या मरणाची आठवण उराशी धरून. तिचं नाव डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. शाळेच्या पुस्तकात कधीतरी एका ओळीत हे नाव आपण वाचलेलं असतं. पण त्या ओळीमागे केवढं आयुष्य आहे, ते आज बघू या.

१८८६ हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाली. आणि त्याच वर्षी ३० जुलैला तिकडे दक्षिणेत, पुदुकोट्टई नावाच्या छोट्या संस्थानात मुथुलक्ष्मीचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासी घराण्यातली. या लग्नामुळे वडिलांच्या घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. म्हणजे या मुलीला जन्मापासूनच दोन गोष्टी मिळाल्या. घरात पुस्तकं आणि बाहेर लोकांच्या कुजबुजी.

मुलगी हुशार होती. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे ती वयात आली आणि शाळा सुटली. आईला तिच्या लग्नाची घाई. त्यात आईचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. आपल्या वाट्याला जे आलं ते लेकीच्या वाट्याला येऊ नये, तिचं रीतसर लग्न होऊन ती मानाने नांदावी, एवढीच त्या माउलीची इच्छा. वडिलांनी मात्र तिला घरीच शिकवायला सुरुवात केली आणि बाहेरून परीक्षेला बसवलं. १९०२ मध्ये ती मॅट्रिक झाली.

पुढे कॉलेज. पण संस्थानातलं एकमेव कॉलेज मुलांचं! एक मुलगी वर्गात येऊन बसणार म्हटल्यावर गावात खळबळ उडाली. पालकांनी तक्रारी केल्या, शिक्षकांनी कुरकुर केली. तिच्या आईचं घराणं कुठलं, हेही काढलं गेलं. अखेर पुदुकोट्टईच्या राजानेच लक्ष घातलं. त्याने प्रवेश तर दिलाच, वर शिष्यवृत्तीही दिली. सगळ्या कॉलेजात ती एकटी मुलगी. प्रकृती नाजूक, स्वभाव भिडस्त. पण मान खाली घालून तिने अभ्यास केला आणि ती पास झाली.

१९०७ मध्ये तिने मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१२ मध्ये ती डॉक्टर होऊन बाहेर पडली, तीही सुवर्णपदकांसह. मद्रासच्या सरकारी हॉस्पिटलात हाउस सर्जन म्हणून काम करणारी ती पहिली बाई ठरली. आता तिचं वय सव्वीस. त्या काळच्या हिशेबाने लग्नाचं वय केव्हाच उलटून गेलेलं. तिला स्वतःलाही लग्नाची ओढ नव्हती. नवरा मिळेल, पण बरोबरीचा मान मिळेल का, ही तिची शंका. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा तिने आधीच स्पष्ट सांगितलं की तुम्ही मला बरोबरीने वागवायचं आणि माझ्या कामाच्या आड यायचं नाही. त्यांनी ते मान्य केलं आणि पाळलंही. पुढे दोन मुलगे झाले. संसार, प्रॅक्टिस, मुलं, सगळं एकदमच चालू. आपल्यातल्या कितीतरी जणींना ही धावपळ नव्याने सांगायला नको.

आणि याच काळात तिच्या धाकट्या बहिणीला कॅन्सर झाला.

१९२० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. त्या वेळी कॅन्सर हा शब्दही लोक उच्चारत नसत. तो झाला म्हणजे संपलं, असंच सगळे धरून चालत. शस्त्रक्रिया थोडीफार होत असे. रेडियमने उपचार करणं युरोपात सुरू झालं होतं, पण इथे ते मिळणार कुठे? दक्षिणेत कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटलच नव्हतं. बहीण तरुण, घरात स्वतः मुथुलक्ष्मी डॉक्टर, नवरा सर्जन. तरीही काही करता आलं नाही. डोळ्यांदेखत बहीण गेली.

जिच्या हातून दुसऱ्यांच्या लेकी-सुना बऱ्या झाल्या, तिला स्वतःच्या बहिणीसाठी काही करता येऊ नये, हे दुःख काय असतं ते जाणारीचं माणूसच जाणे. बऱ्याच जणी अशा दुःखाने खचतात. मुथुलक्ष्मीने मनाशी एक ठरवलं. अशा रोग्यांसाठी हॉस्पिटल झालं पाहिजे. पण ते ठरवणं आणि ते प्रत्यक्षात येणं यात तीस वर्षं गेली!

ही तीस वर्षं ती गप्प बसली नव्हती. १९२५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती लंडनला गेली. बायकांच्या आणि मुलांच्या आजारांचा तिने तिथे जास्तीचा अभ्यास केला. परत आल्यावर मद्रासच्या कायदेमंडळात तिची नेमणूक झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात कायदेमंडळात बसलेली ती पहिली बाई. लगेचच तिला एकमताने उपाध्यक्षही निवडण्यात आलं. सगळे पुरुष सभासद, आणि खुर्चीवर ही साडीतली डॉक्टरीण!

तिथे तिने जो मुख्य प्रश्न घेतला, तो तिच्या आईच्या घराण्याचाच होता. देवाच्या नावाने लहान मुलींना सोडण्याची चाल कायद्याने बंद करायची. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या भागातल्या बायकांना ही चाल काय असते हे वेगळं सांगायला नको. मुथुलक्ष्मीला विरोध झाला तो फक्त सनातनी लोकांचा नव्हता. काही देवदासी बायकांनीही विरोध केला, कारण त्यांच्या नाचगाण्याला, जमिनीला, पोटाला धक्का बसणार होता. त्यांचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मुलगी अजाण असताना तिचं आयुष्य दुसऱ्याने ठरवू नये, यावर मुथुलक्ष्मी ठाम राहिली. १९२९ मध्ये देवदासींच्या इनाम जमिनी देवळाच्या सेवेच्या अटीतून मोकळ्या करणारा कायदा झाला. मुली सोडण्याची चाल पूर्ण बंद करणारा कायदा मद्रासमध्ये यायला मात्र १९४७ उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ मध्ये झाला होता.

१९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि निषेध म्हणून तिने कायदेमंडळाचा राजीनामा दिला. त्याच सुमाराला देवदासी घरातल्या काही मुली आसरा मागत तिच्या दारात आल्या. तिने वसतिगृहांत चौकशी केली. कुणीही त्यांना घ्यायला तयार होईना. मग तिने त्यांना स्वतःच्या घरातच ठेवून घेतलं. यातूनच अव्वई होम ही संस्था उभी राहिली. अव्वई म्हणजे तमिळ लोकांची लाडकी जुनी कवयित्री, आजीबाई. नावातच माया आहे बघा.

पण कॅन्सर हॉस्पिटलचं काय? १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजला शंभर वर्षं झाली. त्या समारंभात तिने हा विषय जाहीरपणे मांडला. लोकांनी ऐकून घेतलं, पुढे काही झालं नाही. इकडे मुंबईत १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं. त्याच्याही मागे एका बाईचं मरण आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने परदेशात वारल्या. दक्षिणेतल्या गरीब पेशंटला मात्र मुंबई म्हणजे परदेशासारखीच लांब.

स्वातंत्र्य आलं. मुथुलक्ष्मीने नव्या सरकारकडे खेटे घातले. कॅन्सरचे पेशंट मरणारच असतात, त्यांच्यासाठी वेगळं हॉस्पिटल कशाला, असा सूर तिला ऐकायला मिळाला. सरकारचंही एका परीने खरं होतं. पटकी, क्षय, बाळंतपणातली मरणं, पैसा कुठे-कुठे पुरवणार? पण ज्या बाईने तीस वर्षं एक गोष्ट मनात धरून ठेवली, ती अशी परत फिरणारी नव्हती. १९४९ मध्ये तिच्या महिला संघटनेने कॅन्सर मदत फंड काढला. बायका पैसे गोळा करायला बाहेर पडल्या. कुणी मोठी रक्कम दिली, कुणी नाणी दिली. धाकटा मुलगा कृष्णमूर्ती डॉक्टर झाला होता. त्याला तिने कॅन्सरच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. आईचा हट्ट मुलाने स्वतःचा मानला.

१९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८ जून १९५४ रोजी अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटचं दार उघडलं. तेव्हा मुथुलक्ष्मी अडुसष्टाव्या वर्षात होती. या वयात आपण गुडघ्याला तेल लावून देवदर्शनाला निघतो! हॉस्पिटल तरी किती मोठं? बारा खाटा, साधी छपरं आणि अगदी मोजके डॉक्टर. १९५५ मध्ये डॉ. व्ही. शांता नावाची तरुण मुलगी सरकारी नोकरी बाजूला ठेवून तिथे आली ती कायमचीच. लग्न केलं नाही, हॉस्पिटलच्या आवारातच राहिली. पुढे २००५ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ती गेली तोपर्यंत तिचा पेशंटशी संबंध सुटला नव्हता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच वेळी दोन्ही कशाला?

अड्यारला येणारे कितीतरी पेशंट तोंडाच्या कॅन्सरचे असत. तंबाखू, पान, सुपारी. आपल्याकडे त्यात मिश्रीची भर. आणि ते येत ते फार उशिरा, गाठ कापून काढण्यापलीकडे गेल्यावर. मग हातात उरत किरण. पन्नासच्या दशकात कॅनडाकडून मिळालेलं कोबाल्टचं मशीन तिथे बसवलं गेलं होतं. पण एवढ्या वाढलेल्या गाठीला नुसते किरण पुरे पडत नसत. तेव्हा डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. शांता यांनी साठच्या दशकापासून किरणांच्या जोडीला औषध देऊन पाहायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात त्यांनी ब्लिओमायसिन हे औषध आणि किरण अशी जोडी रीतसर तुलना करून तपासली आणि १९७७ मध्ये इंग्लंडच्या नियतकालिकात ते काम छापून आलं. नुसत्या किरणांपेक्षा जोडीचा गुण स्पष्टपणे जास्त दिसला. बारा खाटांनी सुरू झालेल्या हॉस्पिटलचं काम जगाने वाचलं.

यामागचं गणित स्वयंपाकघरातल्या बाईला चटकन कळेल. वाटाणे कोरडेच कुकरला लावले तर कितीही शिट्ट्या करा, दाणे टणकच राहतात. रात्रभर भिजवून लावले की मऊ शिजतात. काही केमो औषधं गाठीतल्या पेशींना असंच भिजवून ठेवतात. किरणांनी झालेली मोडतोड पेशी एरवी दुरुस्त करून घेते, औषध ती दुरुस्ती करू देत नाही. दुसरी गोष्ट, किरण जिथे मारले तिथेच काम करतात. औषध रक्तातून अंगभर फिरतं, त्यामुळे दुसरीकडे उडालेल्या बारीक बियाही त्याच्या तावडीत सापडतात.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही आज हीच जोडी वापरतात. गाठ अजून छातीतच आहे, पण छातीतल्या ग्रंथींपर्यंत पोचली आहे आणि ऑपरेशन होण्यासारखं नाही, अशा पेशंटला बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास, आठवड्यातले पाच दिवस किरण देतात आणि त्याच काळात केमोही चालू असते. आधी केमो संपवून मग किरण, असंही करता येतं. पण नव्वदच्या दशकापासून जगभर झालेल्या अभ्यासांत दिसलं की दोन्ही एकदम दिलेले पेशंट जास्त जगतात. त्रासही जास्त होतो, हे खरं. म्हणून पेशंट फार थकलेला असेल, वजन खूप उतरलं असेल, तर डॉक्टर स्वतःच एकामागून एक देण्याचा मार्ग निवडतात. २०१७ नंतर यात आणखी भर पडली. या उपचारानंतर काही पेशंटना शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध वर्षभर देतात. ते फार महाग आहे. पण आपल्याला ते लागू आहे का, एखाद्या योजनेत किंवा कंपनीच्या सवलतीत बसतं का, हे विचारण्यात संकोच करू नये.

पेशंटजवळ बसणाऱ्या मैत्रिणीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांनी गिळताना घशाखाली, छातीत जळजळ सुरू होते. ती अन्ननलिकेला किरण लागल्यामुळे असते आणि उपचार संपल्यावर हळूहळू कमी होते. तोपर्यंत तिखट, गरम, कोरडं नको. मऊ भात-वरण, पातळ खिचडी, खीर, अंडं चालत असेल तर अंडं, थोडं-थोडं पण पुन्हा पुन्हा द्यावं. वजन टिकवणं हाही उपचारच आहे. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ताप आला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठावं. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कोरडा खोकला, धाप सुरू झाली तर ती किरणांमुळे आलेली फुप्फुसाची सूज असू शकते. त्यावर औषध आहे, पण डॉक्टरला कळायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. किरणांमध्ये खंड पडू देऊ नका. घरात लग्न आहे, सण आहे, पेरणी आहे, म्हणून आठवडाभर गावी जाऊन आलं तर तेवढ्यात गाठीतल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतात. जिल्ह्याच्या ठिकाणी महिना-दीड महिना राहायचं म्हणजे सोपं नाही, हे खरंच आहे. पण अनेक मोठ्या हॉस्पिटलांजवळ धर्मशाळा असतात आणि सरकारी आरोग्य योजनांतून केमो, किरण दोन्ही होऊ शकतात. समाजसेवा विभागात जाऊन आधी चौकशी करावी.

आणखी एक, जे आपण बायका नेहमी टाळतो. आपला स्वतःचा खोकला. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून फुप्फुसाचा कॅन्सर होणारच नाही, असं नाही. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या विडीचा धूर, आणि कधी कधी काहीच कारण नसतानाही तो होतो. आपल्याकडे खोकला म्हटला की आधी टीबीचा संशय येतो, आणि तो येणं बरोबरही आहे. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडलेले नसताना नुसत्या फोटोवरून गोळ्या सुरू केल्या असतील आणि दीड-दोन महिन्यांत काही फरक पडला नसेल, तर पुन्हा तपासा असं डॉक्टरांना स्वच्छ सांगावं. तीन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणं, उगाच उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर अंगावर काढू नये.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी २२ जुलै १९६८ रोजी गेल्या, वयाची ब्याऐंशी वर्षं पुरी व्हायला आठच दिवस राहिले होते. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. तमिळनाडूत गरीब गरोदर बायकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या योजनेला त्यांचं नाव आहे. अव्वई होम चालू आहे. बारा खाटांच्या त्या हॉस्पिटलच्या आता शेकडो खाटा झाल्या आहेत आणि गरीब पेशंटला तिथून परत पाठवायचं नाही ही रीतही चालू आहे.

बहिणीला वाचवता आलं नाही, ही सल त्यांच्या मनातून गेली असेल असं वाटत नाही. पण त्या सलीतून त्यांनी दुसऱ्यांच्या बहिणींसाठी दार उघडलं. आपल्याला हॉस्पिटल बांधायचं नाहीये. आपल्या घरातल्या, शेजारच्या एखाद्या खोकणाऱ्या बाईला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायचं आहे, आणि उपचार सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं आहे. एवढं तर आपल्या हातात आहे ना?